श्वासाची खूण

खराऱ्याच्या रबरी दातांत एक केस अडकला होता. आखूड, राठ, टोकाला तपकिरी आणि बुडाशी पांढरा – थिएटरच्या अंधारात यातलं काहीच दिसत नव्हतं, पण तिच्या अंगठ्याला ते ठाऊक होतं, कारण वर्षभरात म्हाताऱ्या घोड्याचा एकेक केस असाच बुडापासून पिकत आला होता. तबेल्यातून निघताना रुमाल समजून तिने खराराच पर्समध्ये टाकला होता. तिकिटं काढताना तो बाहेर आला तेव्हा सासूबाई खिडकीसमोरच म्हणाल्या, "अगबाई, लोक सिनेमाला खाऊ आणतात, आमची सून घोड्याची फणी घेऊन आली!" रांगेतली माणसं हसली, तीही हसली, आणि हसता हसता रडू फुटतंय की काय असं तिला वाटलं... कारण संध्याकाळी डॉक्टर येणार होता.

काल त्याने म्हाताऱ्याचे गुडघे दाबून पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "ताई, घोडा रोज रोज आडवा पडतो आणि उठायचं मनावर घेत नाही, म्हणजे त्याने आवरतं घेतलंय. त्याला कशाला कुढवायचं? उद्या सुई घेऊन येतो. तुम्ही मन घट्ट करा." ती मान हलवत राहिली होती. घोडे शिकवणं हा तिचा धंदा, बापाकडून आलेला. आणि बापाने शिकवलेल्या घोड्यांतला हा शेवटचा.

"तू जा पोरीला घेऊन," नवरा सकाळी म्हणाला होता. नवरा नालबंद, बोलताना त्याच्या तोंडात निम्मा वेळ खिळे असतात, आज काढून ठेवले होते. "इथे बसून त्याच्या तोंडाकडे किती बघशील? पडद्यावर तरी त्याला चालताना बघ. मी आहे ना. आणि माझ्यापुढे उभा राहतो गं तो! मी असलो की गडी ताठ, तू आलीस की बसकण मारतो. तू गेलीस की मग धडपडत उठतो. नुसता लाडोबा!" त्यावर डॉक्टरने कालच सांगून ठेवलं होतं की जनावर परक्यापुढे दुखणं लपवतं, आपल्या माणसापुढेच अंग टाकतं. ते ऐकून, खोटं कशाला बोला, तिला कुठेतरी बरंही वाटलं होतं. माझ्यापुढेच हरतो. मला फसवत नाही.

पडदा उजळला. घोडी विव्हळत होती, गवत ओलं झालं होतं, आणि त्या ओल्यातून लांबच लांब पायांचं एक काहीतरी बाहेर घसरलं. मांडीवरची मुलगी – आता मांडीवर मावत नाही, तरी चढून बसली होती – श्वास रोखून बघत होती.

"हा आपला का गं?" सासूबाईंनी कानाशी येऊन विचारलं.

"नाही हो. हे शेजारच्या गावच्या घोडीचं शिंगरू."

"आणि हा?"

"ती फटाकडी. पळायचं सगळं तिने केलं."

"म्हणजे घोडा नाही, घोडीच!" सासूबाईंना हे काही पटलं नाही. "आणि आता हा पोहतोय तो?"

"पाणबुड्या."

"कर्म माझं! अगं, आपला येतो तरी कधी?"

"शेवटी."

सिनेमा एकाच घोड्याचा, जन्मापासून मरेपर्यंत. पण तो उभा केला होता सहा घोड्यांनी, आणि त्या सहांना एक करायचं काम तिच्याकडे होतं. खरा चांद एकट्या म्हाताऱ्याच्या कपाळावर, वरून रुंद, खाली डाव्या डोळ्याकडे ओघळलेला. बाकीच्या पाचांना ती रोज पहाटे तो पांढऱ्या रंगाने काढून द्यायची, म्हाताऱ्याला शेजारी बांधून, त्याच्याकडे बघत बघत. कुठे फटाकडी संपते, कुठे पाणबुड्या लागतो, कुठल्या उडीच्या वेळी रंग ओला होता, हे तिच्याइतकं त्या अंधारात कुणालाही माहीत नव्हतं... आणि तरीही, अर्धा सिनेमा सरता सरता काहीतरी झालं. सांधे सापडेनात. ती डोळे ताणून बघत होती – आता बदलेल, या वळणावर बदलेल – आणि बदलत नव्हतं. ज्या पायांवर ते पिल्लू थरथरत उभं राहिलं होतं त्याच पायांनी ते माळ तुडवत सुटलं, तेच पाय पुरात उतरले, तेच गाडीला जुंपले गेले, विकले गेले, लंगडले. अरे, मी रंगवला ना तो चांद, माझ्या या बोटांनी! मग हा कोण? तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. सहांपैकी कुणीच हे आयुष्य जगला नव्हता, आणि ते आयुष्य तिच्यासमोर सरळ चाललं होतं, धापा टाकत, थोरलं होत. तिने हात जोडले असते, पण हातात खरारा होता.

मग तो आला.

गोठ्याच्या फळ्यांमधून उजेडाच्या पट्ट्या पडल्या होत्या आणि त्यांतून म्हातारा चालत आला, मान खाली, खालचा ओठ सैल. "आला!" मुलगी इतक्या मोठ्याने म्हणाली की पुढच्या रांगेतल्या बाईने वळून पाहिलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना अजून काही झालेलं नसतानाच रडू येतं. घोड्याचा जुना मालक गोठ्याच्या दारात उभा राहून काहीबाही बोलत होता, माफी मागत होता...

चित्रीकरणात या प्रसंगाला टाळी चालणार नव्हती, हाक चालणार नव्हती, काठी दिसायला नको होती. म्हणून तिने बापाची जुनी खूण काढली होती. बाप म्हणायचा, माणसापुढे जीभ सांभाळावी, घोड्यापुढे श्वास. जनावर सगळं कानच असतं. म्हाताऱ्याला त्याने शिंगरू असतानाच शिकवलं होतं – छातीच्या तळातून एक लांब उसासा सोडला की त्याने गुडघे मोडायचे आणि आडवं व्हायचं. आणि जिभेने टक-टक केलं की उठायचं. टक-टक होईपर्यंत हलायचं नाही, अंगावर माशी बसली तरी नाही. चित्रीकरणाच्या दिवशी ती गवताच्या पेंढ्यांमागे पालथी पडून होती, आणि मालकाचं शेवटचं वाक्य संपताच तिने –

हाऽऽऽ...

थिएटरभर तो आवाज झाला. चारी भिंतींतून आला, खुर्चीखालून आला. पडद्यावर म्हाताऱ्याचे पुढचे गुडघे दुमडले, मागचे दुमडले, कूस जमिनीला टेकली, मान लांब झाली. आजूबाजूला नाकं ओढली जाऊ लागली. कुणीतरी पुटपुटलं, "गेला बिचारा." ध्वनीवाल्यांनी तिचा श्वास पुसला नव्हता. तोच मोठा करून घोड्याचा शेवटचा श्वास म्हणून ठेवला होता. इतकी माणसं ज्याला घोड्याचा प्राण समजून रडत होती तो... तो माझा. माझा उसासा आहे हा.

मांडीवरची मुलगी चुळबुळली. तिला हा खेळ घरचा होता, शंभरदा पाहिलेला. ती आईच्या कानाशी लागून म्हणाली, "आई, आता टक-टक कर ना. तो वाट बघतोय."

खराऱ्यावरचा अंगठा जागच्या जागी थांबला.

...महिन्यापूर्वी डॉक्टरने पहिल्यांदा म्हटलं होतं की गुडघ्यांत आता पूर्वीचा दम नाही, वय झालंय, चालायचंच. तेवढंच म्हटलं होतं. आणि तो गेल्यावर ती आत जाऊन म्हाताऱ्याच्या मानेला कपाळ टेकून उभी राहिली होती, आणि तिने एक श्वास सोडला होता. कसला? साधाच, बायामाणसं सोडतात तसला. तो आडवा झाला. त्याला आडवा पाहून ती त्याच्याजवळ बसली आणि... आणखी सोडला. दुसऱ्या दिवशी दारातूनच, त्याला बघितल्या बघितल्या. मग रोज. बसायची, मान चोळायची, उसासे टाकायची, आणि तो तिच्याकडे कान लावून पडून राहायचा. टक-टक एकदाही नाही. मरत्या घोड्यापुढे कोण टक-टक करतं? आणि मी गेल्यावर, खेळ विसरली वाटतं ही, असं म्हणून तो आपला आपण उठायचा...

देवा रे.

की हीसुद्धा मीच माझी घातलेली समजूत? गुडघे सुजलेत ते खरं. केस पिकलेत ते खरं. डॉक्टर काही आंधळा नाही. आज नवरासुद्धा खिळे काढून बोलला.

पडद्यावर नवं शिंगरू उभं राहत होतं. सासूबाई हुंदके आवरत म्हणाल्या, "फार छान हो, फार छान मेला!" आणि ती उठली, मुलीला खांद्यावर घेऊन, माणसांच्या गुडघ्यांना ठेचकाळत. बाहेर येऊन फोन लावला, वाजत राहिला. नालबंद कामात असला की त्याचा फोन खुंटीवर. बसमध्ये सासूबाईंनी तीनदा विचारलं, काय गं, बरं वाटत नाही का, आणि तिला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर द्यायला श्वास सोडावा लागतो आणि आता तिला प्रत्येक श्वासाची भीती वाटत होती. इतकी वर्षं तो आत-बाहेर करत होता, तिने कधी लक्षच दिलं नव्हतं. तेवढ्याशा वाऱ्याने केवढं जनावर खाली बसतं!

फाटकापाशी डॉक्टरची गाडी उभी होती. बोनेटवरून अजून धग येत होती – म्हणजे आत्ताच आलाय. ती मुलीला सासूबाईंकडे देऊन धावली, आणि तबेल्याच्या दाराशी आपोआप थांबली.

दार अर्धं, वरून उघडं. आत नवरा आणि डॉक्टर हलक्या आवाजात बोलत होते, आणि त्यांच्या पलीकडे म्हातारा उभा होता. उभा. कपाळावर तो चांद, खरा, जरा मळलेला.

"आलीस?" नवऱ्याने वळून पाहिलं. "ये, भेटून घे."

तिने हात वर करून त्याला थोपवलं. कडीवर हात ठेवला. धावून धावून छाती भरून आली होती आणि ती भरलेली छाती तिने तशीच धरून ठेवली. आता आत जायचं, उसासा न टाकता. तो उभा राहिला तर महिनाभर मीच त्याला रोज पाडत होते. नाही राहिला, तर... दोन्हींतलं काय मागावं हे तिला कळेना, आणि मग कळलं, आणि कळताच तिला आपल्या गुन्ह्याची एवढी आस लागली की डोळे भरून आले. माझीच चूक असू दे. अगदी माझीच असू दे.

म्हाताऱ्याचे दोन्ही कान तिच्याकडे वळले होते, आधी एक, मग दुसरा. ती काय सांगते ते ऐकायला तो थांबला होता, आणि तिच्या छातीत तो श्वास अजून तसाच होता.