दाराबाहेरची खुर्ची आत कशी गेली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझा डावा हात तुम्हाला दिसणार नाही. नातवाची वाट बघता बघता एका आजोबांनी तो काळजीने उपटला. नातू झाल्यावर ते माझी माफी मागायला आले, पण हात मात्र घरीच विसरून आले.

ज्या सुताराने मला घडवले, तो पॉलिश करताना म्हणाला होता, "ही साहेबांच्या टेबलामागे शोभेल." पण मी पोचले एका दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीच्या दाराबाहेर. सुरुवातीला मी हिरमुसले. मग माझ्या लक्षात आले, की साहेबांच्या खुर्चीत माणसे कंटाळून बसतात, माझ्यावर मात्र जीव मुठीत धरून बसतात. कितीतरी बाबा, आज्या आणि मावश्या माझ्यावर बसल्या! बाळाचा पहिला टाहो ऐकू आला की ते अशी उडी मारत, की मी भिंतीवर आपटत असे. "खुर्ची भक्कम आहे हो," असे कौतुकही कानावर येई. पुढे माझा एक पाय डुगडुगू लागला. कुणीतरी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि विषय मिटवला.

एका सकाळी शाळेची बस चालवणारी एक बाई आली. मुले तिला भोंपूमावशी म्हणत, कारण तिच्या हॉर्नने अख्खी गल्ली जागी होई. कळा येत असतानाही तिची थट्टामस्करी चालूच होती. तिचा नवरा बेकरीत पाव भाजायचा. त्याच्या बाहीला अजून पीठ लागलेले होते. तो तिच्यामागोमाग आत शिरू लागला, तेवढ्यात आवाज आला, "नातेवाइकांनी बाहेर थांबायचं!" तो बिचारा माझ्यावर येऊन बसला.

काही वेळाने बाळ रडले. त्यानेही उडी मारली. पण मग आतून भोंपूमावशीचा आवाज आला, "मला गरगरतंय. काहीतरी बिघडलंय हो."

"असं होतंच. गप पडून राहा," कुणीतरी म्हणाले.

तिने पुन्हा सांगितले. मग आणखी एकदा, पण अगदी बारीक आवाजात. त्यानंतर एकदम धावपळ उडाली. तिचे रक्त फार गेले होते. डॉक्टरांनी शर्थ केली आणि ती वाचली. लेक तर ठणठणीत होती. "दोघी सुखरूप आहेत," असे नवऱ्याला सांगण्यात आले. सगळ्यांना वाटले, झाले, संपले.

मित्रांनो, ते संपले नव्हते. लेकीला लस टोचायची होती, म्हणून भोंपूमावशी पुन्हा आली. लसीची खोली आमच्या दारावरून पुढे होती. दारापाशी येताच तिने लेकीला छातीशी घट्ट धरले. ती माझ्यावर बसली आणि तिच्यासोबत मीही थरथरू लागले. त्या खोलीचा कारभार पाहणाऱ्या मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी तिला ओळखले आणि त्या सरळ तिच्याजवळ फरशीवर बसल्या.

"सगळे म्हणतात, बाळ किती गोड आहे, आता विसर," भोंपूमावशी म्हणाली. "पण सिस्टर, स्वप्नात मी हाका मारते आणि कुणी वळूनच बघत नाही. बसची चावी हातात घेतली तरी घाम फुटतो."

सिस्टरांनी तिचा हात धरला. "तुम्ही सांगत होतात ते खरं होतं. आम्ही तेव्हाच बघायला हवं होतं. तुमचं काहीही चुकलं नाही, चुकलं ते आमचं."

भोंपूमावशी इतकी रडली, की आईला साथ द्यायला लेकीनेही भोकाड पसरले! मग दोघी एकदमच शांत झाल्या.

सिस्टर तिला वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यानंतर ती दर आठवड्याला येऊ लागली. वर जाण्याआधी घटकाभर माझ्यावर टेकायची. कधी तिचा चेहरा उतरलेला असे, कधी बरा. एकदा ती हसतच आली. "सिस्टर, आज बस चौकापर्यंत नेली. रिकामीच, पण नेली!" पुढे ती मुलांनाही नेऊ लागली, आणि गल्ली पुन्हा वेळेवर जागी होऊ लागली.

मग एके दिवशी ती मोठ्या डॉक्टरबाईंना भेटायला आली, तीही एकटी नाही. तिच्यासोबत इथेच बाळंत झालेल्या, बाळांना कडेवर घेतलेल्या कितीतरी आया होत्या.

"प्रत्येक बाईजवळ तिचं एक माणूस आत असू द्या," ती म्हणाली. "तिचा आवाज बारीक झाला तर तिच्या वतीने ते बोलेल. आणि कुणी म्हणालं, काहीतरी बिघडलंय, तर आधी बघा, मग काय ते बोला."

"मला पटतं हो," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण आत जागा कुठे आहे?"

"जागेचं माझ्यावर सोडा. मी रोज एवढ्याशा बोळात बस वळवते." तिने आमच्या दारातून आत नजर फिरवली. कोपऱ्यात एक मोडके लोखंडी कपाट उभे होते. "हे कपाट का ठेवलंय? ते बाळंत होणार आहे का?"

डॉक्टरबाई खो खो हसल्या. सिस्टरांनी ती संधी साधली. "आणि मॅडम, आमच्या मदतीला आणखी एक नर्स हवी. आम्ही दोघींनीच कुठे कुठे बघायचं?"

कपाट भंगारात गेले. नर्स मिळायला वेळ लागला, कारण आयांना त्यासाठी बरेच हेलपाटे घालावे लागले, पण ती मिळाली. एका सुताराने माझा पाय पक्का केला आणि मला उचलून आत ठेवले, थेट पलंगाच्या उशाशी!

आता माझ्यावर कुणाची आई बसते, कुणाची बहीण, कुणाचा नवरा. एक पैलवान नवरा तर बायकोला धीर देता देता स्वतःच घामाघूम झाला, तेव्हा तीच त्याला म्हणाली, "अहो, श्वास घ्या!" परवा एक आजी ताडकन उठून म्हणाल्या, "सिस्टर, ही म्हणते हिला गरगरतंय." सिस्टर हातातले काम टाकून धावल्या. वेळीच औषध मिळाले आणि थोड्या वेळाने ती पोरगी उठून बसली व भूक लागली म्हणून कुरकुरू लागली. ती कुरकुर ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. घरात बाळ आले की सगळे पाळण्याकडे धावतात. तुम्हीही धावा, पण त्याआधी एक खुर्ची ओढा आणि बाळाच्या आईजवळ बसा. तिला विचारा, "तू कशी आहेस?" आणि तिचे सांगून होईपर्यंत उठू नका.