पक्की वही

रविवारी सकाळी महाल पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात शामला सवयीप्रमाणे पाट ओढून लिहायला बसली. डॉक्टर गोपाळरावांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्यांची एक रीत होती. प्रयोगाच्या नोंदी आधी कच्च्या वहीत पेन्सिलीने करायच्या. साहेबांची तांबडी पेन्सिल फिरली की उरेल तेवढं शाईने पक्क्या वहीत. पक्की वही विद्यार्थ्याच्या बायकोने उतरवायची आणि कच्ची बंबात घालायची. याला कोणी पाप म्हणत नसे. साहेब विद्वान, बायकांचं अक्षर सुरेख, आणखी काय हवं?

तिचा नवरा चंद्रभान संत्र्याच्या किडीवरची नवी भुकटी तपासत होता. ती निर्धोक आहे असं बुधवारी बाहेरच्या परीक्षकांनी मान्य केलं की त्याला पदवी मिळणार होती आणि भुकटी सगळ्या बागांत जाणार होती. प्रयोगाच्या बागेत, कळमेश्वरला, शामलाची आई मनकर्णा ती भुकटी उघड्या हातांनी पाण्यात कालवत असे.

कच्च्या वहीत, भुकटी दिलेल्या चोवीस सशांपैकी सातांच्या नोंदींवर तांबडी रेघ होती. ‘पाय झाडले, तोंडाला फेस, मेला.’ शेजारी साहेबांचा शेरा: ‘आधीच आजारी, वगळा.’ शामलाने वगळले. वर्षभर ती असंच वगळत आली होती, तेव्हा दोष तिचाही होताच. मग आठवी रेघ आली. ‘मजूर बाई, वय चाळीस. उलट्या, पाय झाडले, मेली.’ शेरा तोच.

चंद्रभान दाढीला बसला होता.

"अवो, हे बाई कोन?"

"होती एक बागेतली. तू लिही चुपचाप."

"इंदूबाई तं नाही? माय म्हणे, ऊन लागून गेली."

"आधीच आजारी होती ते. साहेबांनी सांगितलं."

"साहेब कधी आलते बागेत? तुमीच होते ना तिथं? माझी मायही तेच कालवून राहिली. मी हे गाळत नाही."

तो साबण लागल्या तोंडानेच उठला. पहिल्या थपडेत ती पाटावरून कोलमडली. केस धरून त्याने तिचं डोकं चौकटीवर आपटलं, मग पुन्हा आपटलं. "चार वर्षं मरून राहिलो मी याच्यासाठी!" तिचा उजवा हात वहीवरून निघेना, तेव्हा त्याने वरवंटा उचलून त्यावर घातला. बोटं मोडल्याचा आवाज शेजारच्या तुळसाबाईंनी ऐकला आणि खिडकी लावून घेतली. नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं, तर दाद कुठे मागायची, असं आपणच लेकींना शिकवत आलो आहोत.

उरलेलं अर्धं पान त्याने स्वतः उतरवलं, कच्ची वही बंबात कोंबली आणि हाडवैद्याला आणायला गेला. त्या आठ ओळी शामलाला पाठ होत्या. तिने डाव्या हातात टाक धरला.

पक्की वही पुन्हा कोणी वाचत नसे, तिच्या अक्षरावर सगळ्यांचा भरवसा होता. बुधवारी परीक्षकांनी मात्र शेवटचं पान उलटलं. वाकड्यातिकड्या, डाग पडलेल्या आठ ओळी तिथे होत्या. सात सशांच्या, आणि एक इंदूबाईची, नावासकट. खाली लिहिलं होतं: ‘उजवा हात नवऱ्याने मोडला, म्हणून डाव्याने लिहिलं. शामला.’

गोपाळराव खिडकीबाहेर पाहू लागले.

"तुमच्या पत्नीच्या हाताला काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

चंद्रभानने साहेबांकडे पाहिलं. साहेब वळले नाहीत. मग चार वर्षांत अंगवळणी पडलेलं तेच उत्तर त्याच्या तोंडून निघालं.

"तो आधीच दुखत होता, सर."

परीक्षकांनी सही न करताच पेनाला टोपण लावलं आणि वही आपल्या पिशवीत घातली.

त्याच वेळी कळमेश्वरच्या बागेत, हात गळ्यात बांधलेल्या शामलाने आईच्या पुढ्यातली बादली पायाने बाजूला सारली. बायका गोळा झाल्या.

"इंदूबाई ऊन लागून नाही मेली," ती म्हणाली. "बसा वं, सांगतो. मीच लिहीत होतो ते वही."