दुसऱ्या बाहीवरून

आई गेली, पण तिच्या मांडीतल्या गाठीच्या पेशी प्रयोगशाळेत अजून वाढत होत्या. त्या ठेवायच्या की नष्ट करायच्या, हे आज आम्ही सांगायचं होतं.

मावशीचं ठरलेलं होतं. "मेल्यावरही बिचारीला कामाला जुंपलंय," ती जिन्यातच म्हणाली. "टाकून द्या म्हणावं. सुटू दे तिला."

संशोधक बाईंनी सूक्ष्मदर्शकासमोर स्टूल सरकवलं. कुणी सांगितलं नव्हतं तरी मावशीने आधी हात धुतले. आजारपणात आईच्या खोलीत जाताना लागलेली सवय. मग चष्मा काढून ती वाकली.

"दुखतं का यांना?"

"नाही, मावशी."

बाईंनी समजावलं. साध्या पेशीतल्या गुणसूत्रांची टोकं दर विभाजनात थोडी झिजतात. फार झिजली की पेशी थांबते. बहुतेक कॅन्सरमध्ये ती टोकं वाढवणारं एक एन्झाइम चालू होतं. "यांच्यात ते नाही. या दुसऱ्या धड टोकाची नक्कल करतात आणि झीज भरून काढतात."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. आई शिवणकाम करायची. बाही फाटलेली असली की ती मोजायची टेप शोधत बसत नसे. धड असलेली दुसरी बाही कापडावर पसरायची आणि तिच्यावरून कापायची.

"गाठसुद्धा हिच्याच वळणावर गेली," मावशी म्हणाली.

मला राग आला. त्या गाठीने आईचं सगळं घेतलं होतं, आता तिची ही रीतही घेतली.

"ठेवल्या तर काय कराल?" मी विचारलं.

"ती नक्कल अडवणारं औषध शोधतोय. साधलं तर टोकं झिजत जातील."

"म्हणजे मरतील?"

"लगेच नाही. आधी विभाजन मंदावेल, थकतील म्हणा. मग मरतील. पण साधेलच असं नाही."

मावशी चष्मा पुसत राहिली. आई तिची धाकटी बहीण. आईचे केस पिकायच्या आधीच औषधांनी गळले.

"मग एकदम नका मारू," मावशी म्हणाली. "झिजू देत त्याही." आणि मला, "तुझं काय?"

"ठेवा," मी बाईंना म्हणाले.

दारातून मावशी मागे फिरली. "थकल्या की कळवाल?"

"वेळ लागेल, मावशी."

"लागू दे," ती म्हणाली, आणि पुन्हा हात धुवायला बेसिनकडे गेली.