पद्माची फियाट

त्या पोराचा पहिला फोन आला तवाच माजं डोस्कं फिरलं. म्हनतो कसा, "काकू, गाडीला हात लावू नका. धुऊ नका, पुसू नका. धूळसुद्धा राहू द्या. मला आहे तशीच हवी."

आता सांगा! घरात पाव्हनं यायचं म्हनलं की मी आदल्या दिशीपासनं झाडते, पुसते, डबे घासते, येताना दिसलं की पटकन साडी बदलते. आन ही सटवी तशीच पारोशी बसनार, अन् तिला बगायला मानसं नगरहून येनार! एवढ्या वर्सांत मला कुनी म्हनलं का, बनू, जशी हायेस तशी ऱ्हा? चहात साखर जास्त झाली तरी बोलनी खाल्ली मी.

गाडी म्हंजे फियाट. जुनी, पाठ फुगलेली, जिला लोक डुक्कर फियाट म्हनत्यात ती. गाडी आमच्या मालकांची, गहिनीनाथांची. पन तिसगावात कुनीबी तिला गहिनीनाथाची गाडी म्हनत न्हाई. म्हनत्यात, पद्माची फियाट. पद्मा म्हंजे माजी सवत, मालकांची पहिली बायको. लग्नात तिच्या बापानं दिलेली ही गाडी. पुढं पद्मा काविळीनं गेली, मूलबाळ न्हाई, काय न्हाई. मंग मी आले. मी आले तवा माज्या बापानं पाच भांडी अन् एक कपाट दिलं. त्या कपाटाला कुनी बनूचं कपाट म्हनलेलं मी तरी ऐकलं न्हाई.

मेलेल्या सवतीशी भांडता येत न्हाई, ही लई वाईट गोष्ट. जितीच्या झिंज्या तरी उपटता येत्यात. मेलेली मातूर कदी म्हातारी हुत न्हाई, तिची भाजी खारट हुत न्हाई, तिचं गुडघं दुखत न्हाईत. वर आमच्यात रीत अशी, की पहिली गेलेली आसंल तर दुसरीनं तिच्या नावाचा चांदीचा टाक, म्हंजे मूर्तीचा ठसा उठवलेला पत्रा, गळ्यात घालायचा. नवी साडी आनली, आदी टाकाला दावायची. गोडधोड केलं, आदी टाकाला. पितरपाटात अविधवा नवमीला सवाष्नीला जेवू घालायचं ते पद्माच्या नावानं, अन् सैपाक पद्माच्या आवडीचा. तिला कुळथाची शेंगुळी आवडायची. मला शेंगुळीचा वास सोसत न्हाई, पन दर साली वळते. माजा अख्खा संसार असा उष्टा. जळत न्हवते म्हनलं तर नाथ मला माफ करनार न्हाई.

माज्या लग्नाचीच गोष्ट सांगते. पाठवनीला हीच फियाट आली, माज्या माहेरी खर्ड्याला. मालकांनी म्होरलं दार उघडलं अन् म्हनले, "बस." पन सोनाराकडं टाक घडायचा ऱ्हायला हुता. आईनं सकाळीच कानात सांगितलेलं, "गळ्यात टाक पडस्तवर सवतीच्या जागी बसू नगो, बये. तिला राग यील." मी मुकाट मागं जाऊन बसले, करवलीच्या शेजारी. मालक दार धरून तसेच उभे. मंग त्यांनी दार लावलं.

चार दिसांनी टाक आला, गळ्यात पडला. म्हनलं, आता मालक म्हनतील, चल, मढीला नाथांच्या पाया पडून येऊ फियाटीत. कशाचं काय! मालकांनी शेड बांधलं, गाडी आत घातली, वरनं ताडपत्री टाकली, कुलूप लावलं. मढीला आमी यष्टीनं गेलो, उभ्यानं. तवाच मी मनात पक्कं केलं, की ह्यांना त्या गाडीत पद्माशिवाय दुसरं कुनी नगो. गाडी न्हाई ती, समाधी हाय.

अन् दर अवसंला समाधीची पूजा. सकाळी उठून मालक शेडात जानार, लिंबू बांधनार, नारळ फोडनार, अन् मंग इंजिन चालू करून तासभर आत बसून ऱ्हानार. हिकडं मी भाकरी थापतेय अन् तिकडनं ती घुरघुर. माज्या भाकऱ्या अवसंला हमखास फाटायच्या. शेजारची शहजादी भिंतीवरनं हसायची. "बनू, चालली का भेट?" मी म्हनायचे, "चालली. तुज्या डोळ्यात तिखट पडो."

शेवटी यंदा म्या हट्ट धरला. म्हनलं, शेडात मला शेळ्या बांधायच्यात, गाडी इका. वाटलं, हे आता ताट भिरकावतील. तर मालक खाली मान घालून म्हनले, "बरं. तुला नगोच आसंल तर इकू." एवढंच. माजी पोरगी राजनंदिनी पुन्याला असती, तिनं मोबाईलवर फोटू टाकला. दुसऱ्या दिशी ह्या हर्षलचा फोन आला, त्योच, धूळ पुसू नका म्हननारा.

रविवारी हर्षल आला, संगं त्याची बायको मोनिका. पोरगी गोड हुती, उगं कशाला नावं ठेवू. मालकांनी ताडपत्री वढली. मी दारात पदर खोचून उभी. गाडीचा रंग सायीसारखा, जागोजागी पापुद्रे सुटलेले, खाली गंज, काचंवर बोटभर धूळ. अन् हर्षलनं ती बगून हात जोडले! खरंच जोडले. "काका, सगळं मूळचं आहे. रंगसुद्धा पुन्हा लावलेला नाही. लोक चकाचक करून ठेवतात नि गाडीची वाट लावतात."

मोनिका गाडीच्या गालावरनं बोट फिरवत म्हनाली, "अय्या, किती सुंदर म्हातारी झालीय!"

माज्या अंगाचा तिळपापड झाला. माज्या केसात चार पांढरे दिसले तर मालक म्हनले हुते, कलप लाव.

हर्षलनं गाडीखाली झोपून बगितलं, इंजिनावरचं टोपन उघडून बगितलं, इंजिन चालू करून ऐकलं. मंग अंगनात खुर्च्या टाकून दोगांचं बोलनं सुरू झालं. किंमत ठरत आली तसं मालकांचं तोंड बारीक हुत चाललं. सारखं शेडाकडं बगत्यात. हा मानूस आता पलटनार! आमच्याकडं रीत हाय, यवहार ठरला की एका ताटलीतला गूळ दोगांनी खायचा. गूळ खाल्ला की शब्द पक्का, मंग बापजन्मात मागं फिरायचं न्हाई. कुनी मागायची वाट न बगता मी आत पळाले, भेलीचा खडा फोडला, ताटली आनली अन् दोगांच्या मदी धरली.

"खावा," म्या म्हनलं.

मालकांनी माज्याकडं बगितलं. "लई घाई झाली का गं?"

"खावा म्हनते ना."

त्यांनी खाल्ला. हर्षलनंबी खाल्ला. म्या म्हनलं, सुटले! गळ्यातला टाक चाचपला अन् मनातल्या मनात पद्माला म्हनलं, निघ आता, तुजं बिऱ्हाड उठलं.

मंग चहा टाकायला आत गेले. सैपाकघराच्या खिडकीतनं शेड सरळ दिसतं अन् बोलनं सुदिक ऐकू येतं. हर्षल म्होरलं दार उघडून आत वाकला हुता.

"काका, गंमत बघा," त्यो म्हनाला. "ड्रायव्हरची बाजू पार खचलीय, आणि ही शेजारची बाजू जशी कंपनीतून आली तशी! स्प्रिंग अजून टणक आहेत. इथं कुणी बसलंच नाही का?"

म्या कान टवकारले. न्हाई कसं? पद्माची गाडी, पद्माची जागा.

मालक म्हनले, "कोन बसनार? पहिलीला गाडी लागायची. पेट्रोलचा वास आला की उलट्या. लग्नात बापाच्या धाकानं बसली, ती वाटंत तीनदा उतरली. पुन्हा म्हनून पाय ठिवला न्हाई. माहेरी जायची ती यष्टीनं, खिडकीत लिंबू हुंगत. म्हनायची, ही तुमची गाडी म्हंजे माजी सवत हाय."

माज्या हातात साखरंचा चमचा तसाच ऱ्हायला.

"आणि काकू?" मोनिकानं इचारलं.

"हिचं तर आनिकच," मालक म्हनले. "पाठवनीला म्या म्होरलं दार उघडलं. एवढी हौस हुती. एक बसंना, दुसरी तरी बसंल. तर ही त्वांड फिरवून मागं जाऊन बसली. म्हनलं, हिलाबी गाडीचा राग. मंग एकट्यानं मिरवायची तरी कुनासाठी? लावून टाकली शेडात."

"पण इंजिन तर अजून छान चालतंय, काका. इतकी वर्षं उभी असून जाम कसं नाही झालं?"

"दर अवसंला चालू करतो ना. म्हनलं, चुकून कदी हिच्या मनात आलं, तर गाडी तयार पायजे."

चहा उतू गेला. समदा गेला, पातेल्यात थेंब ऱ्हायला न्हाई. मी ग्यास बंद करायचं बी इसरले अन् तशीच भाईर आले, हातात चमचा.

"त्वांड शिवलं हुतं का तुमचं?" म्या पाव्हन्यांच्या म्होरंच वरडले. "एकदा, एकदा इचारता येत न्हवतं? बनू, बसतीस का, एवढं चार शब्द!"

मालक दचकले. "इचारलं हुतं की. दार उघडून 'बस' म्हनलं हुतं."

"टाक न्हवता गळ्यात! टाक आल्यावर इचारायचं हुतं!"

"टाकाचं मला काय ठावं? तू बोललीस का कदी? मला वाटलं, तुला गाडीचा वासबी नगो."

"अन् मला वाटलं, तुमी पद्माला कवळून बसताय आत!"

मालक म्हनले, "पद्माला? फियाटीत?" अन् मंग त्यांना हसू आलं, मेल्याला, डोळ्यात पानी येस्तवर. मला हसू आलं न्हाई. मला लई रडू आलं अन् त्याच्यापेक्षा जास्त राग आला. कुनाकुनाचा म्हनून सांगू? मालकांचा, आईचा, त्या सोनाराचा, सगळ्यात जास्त माजा. जिच्यावर जलमभर जळले ती बिचारी यष्टीत लिंबू हुंगत बसली हुती. अन् जी जागा तिची म्हनून मी शिवले न्हाई, ती माज्यासाठी मोकळी हुती, स्प्रिंग न दबलेली.

"इकायची न्हाई गाडी," म्या म्हनलं.

हर्षलचं तोंड उतरलं. मोनिका त्याच्याकडं बगाय लागली. मालकांनी डोळं पुसलं अन् हळूच ताटलीकडं बोट केलं. ताटलीत गुळाचा चुरा ऱ्हायला हुता, त्याला मुंग्या लागल्या हुत्या.

"गूळ खाल्लाय बनू. तूच दिलास."

ताटली मीच आनली, मीच त्यांच्या नाकाम्होरं धरली. हर्षल चांगला पोरगा, म्हनाला, "काकू, तुमची इच्छा नसेल तर राहू द्या." पन मालक गूळ खाऊन फिरनारे न्हाईत, अन् खरं सांगायचं तर मीबी न्हाई. तिसगावात त्वांड दावायचंय अजून.

शहजादीचा परवेझ टेम्पो घिऊन आला. टेम्पो पार रस्त्यावर उभा, कारन आमच्या बोळात घुसंना. गाडीचं ब्रेक कवाच गेलेले, म्हनून हर्षल म्हनाला, इंजिन चालू करायचं न्हाई, ढकलत न्ह्यायची. मालक स्टेरिंग धराय आत बसले. हर्षल, परवेझ अन् मोनिका मागं हात लावून उभे.

"थांबा," म्या म्हनलं.

घरात गेले. ठिवनीतली हिरवी साडी नेसले, पाव्हने असून तसंच वाट बगत ठिवलं त्यांना. बगू दे. मंग येऊन म्होरलं दार उघडलं. ह्या वक्ताला कुनी उघडून द्यायची वाट बगितली न्हाई. सीटवर धूळ हुती, हर्षलची लाडाची. म्या पुसली न्हाई, तशीच बसले. स्प्रिंगनं मला वर उडवलं, एवढी टनक.

"काकू, साडी खराब होईल," मोनिका मागनं म्हनाली.

"हू दे. ढकला!"

गाडी शेडातनं भाईर निघाली. काचंवर धूळ, म्होरचं काय नीट दिसंना, पन उनाचा पट्टा माज्या मांडीवर आला. बोळातली पोरं पळत आली. शहजादी ओट्यावरनं वरडली, "बनू, कुठं निघालीस गं?"

"मुंबईला!" म्या म्हनलं. "चाव्या तुज्याकडं ठिवल्यात घराच्या."

गळ्यातला टाक हातात धरला. पद्माला म्हनलं, पद्मे, वास सोसत न्हवता ना तुला? आज इंजिन बंद हाय. ये. अन् मी जरा दाराकडं सरकून बसले.

मालक दोन्ही हातानं स्टेरिंग धरून ताठ बसले हुते, जसं काय गाडी साठानं पळतीय. बोळ संपत आला तसं त्यांनी माज्याकडं न बगताच इचारलं, "लागत न्हाई ना गं तुला गाडी?"

"म्होरं बगा," म्या म्हनलं. "अन् हळू घ्या. घाई न्हाई."

त्यांनी व्हय म्हनून मान हलवली. टेम्पो समोरच उभा हुता, परवेझनं त्याची फळी आधीच खाली सोडून ठिवलेली.