ताईची सही

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. एका बड्या कंपनीच्या दारात मला काचेच्या कपाटात बसवले आहे. येणारे-जाणारे माझे कौतुक करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

एका कॉलेजाने मोडीत काढल्यावर दोघा बहीणभावांनी मला उचलले. भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी नखाएवढ्या चिप बनवण्याची कंपनी काढली होती. ताई कामात हुशार, धाकटा भाऊ बोलण्यात. त्यांचा एक शिरस्ता होता. प्रत्येक ट्रेमधल्या दहा चिप माझ्यातून आधी ताई पाहणार, मग भाऊ. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय माल हलत नसे. केसाहून बारीक तारेचा एक टाका सुटलेला दिसला, तरी ताई अख्खा ट्रे बाद करी.

"अगं, एवढ्याशासाठी?" भाऊ वैतागे.

"एवढंसंच नडतं रे बाबा," ती म्हणे.

कंपनी वाढली, दोनशे माणसे झाली. भावाला सगळे 'साहेब' म्हणू लागले. मग रुग्णांना श्वास देणाऱ्या यंत्रांसाठी चिप बनवण्याचे मोठे काम मिळाले. माल जायच्या दिवशी ताई घरी तापाने फणफणली होती आणि गाडी दारात खोळंबली होती. साहेबांनी माझा दिवा लावलाच नाही. ट्रे माझ्या शेजारून निघून गेले. साहेबांनी आपली सही ठोकली आणि तिच्याखाली ताईचीही.

तीन महिन्यांनी एका रुग्णालयात आमच्या चिपमधला टाका सुटून यंत्र बंद पडले. दोन लेकरांची आई गेली. चौकशी अधिकारी कागद घेऊन माझ्याच टेबलाशी बसले.

"मॅडम, ही सही तुमची का?"

ताईने भावाकडे पाहिले. तो आपल्या बुटांकडे पाहत होता. मला डोळा आहे, तोंड नाही. मी नुसता तडफडलो.

"हो, माझीच. तपासणीत चूक माझी झाली, त्याने माझ्या भरवशावर सही केली," ताई म्हणाली. तपासणीतल्या चुकीपायी एकट्या तिलाच कंपनी सोडावी लागली असती. भावाने केलेली खोटी सही उघड झाली असती, तर कंपनीच बुडाली असती, दोनशे घरांसकट.

ताई कंपनीतून गेली आणि पुढे तिला कुणी दारात उभे केले नाही. साहेबांना मात्र पुरस्कारांवर पुरस्कार मिळाले.

परवा ताई गेल्याचा फोन आला. साहेब एकटेच माझ्यापाशी आले. "मी सांगणारच होतो गं," ते पुटपुटले. सोळा वर्षे ते सांगणारच होते.

मित्रांनो, माझी काच कुणी पुसली नाही तरी चालेल. पण तुमची चूक कुणी आपल्या नावावर घेतली असेल, तर ते माणूस आहे तोवर ती परत मागून घ्या.