आखाजीचा मांडा

झुंबरबाईंनी पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेतला आणि कोपरापर्यंत फिरवायला सुरुवात केली, तशी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली सविता पुढे सरकली. आईच्या डाव्या मनगटाचं प्लास्टर गेल्याच आठवड्यात निघालं होतं. हाड जुळलं होतं, पण जरा वाकडंच.

"माय, ठेव ते खाले. डाक्टरनी नही सांगं ना?"

"डाक्टरना घर आखाजीले लेक येत नही का?"

मांडा हातांवर पसरत गेला, चुलीवरच्या पालथ्या खापरावर पडला, फुगलाही. आई खूश झाली.

होळीच्या आधी मोरीतून उठताना तिने जमिनीला हात टेकवला होता, एवढंच. मनगट मोडलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, पाळी गेल्यावर बायकांची हाडं आतून विरळ होत जातात, दुखत नाहीत म्हणून कळत नाही. आता पडल्या तर खुब्याचं हाड मोडेल. आठवड्याला एक गोळी, चुकवायची नाही. मग सविताकडे वळून ते म्हणाले होते, "हे आईकडून लेकीकडे येतं. तुम्हीही तपासून घ्या."

सविताने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. तिचीही पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, पण तिला स्वतःची नाही, आईची काळजी होती. दर रविवारी जळगावहून तिचा फोन ठरलेला.

"गोयी लिधी का?"

"लिधी."

संध्याकाळी निघताना आईने मांड्यांचा डबा पिशवीत ठेवला आणि कनवटीला खोचलेली पुरचुंडी काढून तिच्या हातात दिली. आत गोळ्यांची पाकिटं होती. एकही फोडलेलं नव्हतं.

"माय! एकबी लिधी नही?"

"मनं काय राह्यनं आते? तुले लागतीन. डाक्टर काय म्हने, मी आयकं ना."

सविताला रागावताही येईना आणि रडूही येईना. डॉक्टरांचं सगळं बोलणं आईने नीट ऐकलं होतं, फक्त लेकीच्या नावाने.

"थांब, कुंकू लावस," म्हणत झुंबरबाई भिंतीला हात टेकून उठू लागल्या. सगळा भार त्याच वाकड्या मनगटावर आला.

"थांब माय, मी धरस!"

सविता धावली. पण मनगट धरावं की दंड, की कमरेला हात घालावा, कुठे धरलं तर काही मोडणार नाही, हेच तिला कळेना. आई अर्धी उठलेली होती, आणि सविता तशीच हात पुढे करून उभी राहिली.