सिमेंटात अडकलेलं टोक

मी घडीव लोखंडाचा एक जुना पूल आहे, मित्रांनो. मंठ्याकडच्या एका नदीवर निजामाच्या काळापासून उभा आहे, आणि खरं सांगू? आता पार थकून गेलोय.

भट्टीत तापवून, घणाखाली बडवून माझ्या पट्ट्या घडवल्या. लालभडक तापवलेल्या रिबिटांनी, म्हणजे लोखंडी खिळ्यांनी, त्या त्रिकोणात्रिकोणांत जोडल्या, म्हणजे ओझं एकट्या कुणावर पडत नाही. माझं एक टोक दगडी खांबावर पक्कं बसवलंय. दुसरं मात्र लाटण्यासारख्या गोल, फिरत्या लोखंडी रुळांवर मोकळं ठेवलंय, कारण आपल्याकडच्या उन्हात लोखंड तापलं की लांबतं, त्याला सरकायला जागा लागते. माझ्यावरून बैलगाड्या गेल्या, एसटी गेल्या, उसाचे ट्रॅक्टर गेले. रंगाचा हात काही कित्येक वर्षांत लागला नाही.

रूळ गंजले तशी माझी खडखड वाढली. आबाराव मेंढपाळाची मेंढरं माझ्यापाशी येऊन बिथरायची, मागं फिरायची. त्याला माझी दयाही आली. मारुतीच्या सभामंडपाचं उरलेलं सिमेंट त्यानं आणलं, चार गावकरी हाताशी घेतले आणि माझे रूळ गच्च भरून टाकले. वर नारळ फोडला! खडखड थांबली, गाव खूश झालं. मी मात्र मनातून हादरलो.

उन्हाळा आला. मी लांबलो, तर सरकायला जागाच नाही. सगळा जोर खांबावर गेला आणि खांब तडकला. वाहतूक बंद झाली, मला भंगारात काढायची बोलणी सुरू झाली. आबारावचं चराईचं रान पलीकडंच राहिलं.

तपासणीला तृप्ती नावाची इंजिनीअर आली. सिमेंट कुणी भरलं, असं तिनं विचारलं, तर आबाराव पुढं आला.

"म्याच भरलं, ताई," आबाराव म्हणाला. "लई खडखड करून राह्यल्ता. वाटलं, म्हातारा ढिला झाला, आधार द्यावा."

"आधार नाही काका, त्याचा श्वास कोंडला," ती हळूच म्हणाली.

सिमेंट काढल्यावर मी पुन्हा सरकलो, तर खांबाचा तडा बुजवून पायी जाणाऱ्यांसाठी मला ठेवता येईल, नाहीतर तोडावंच लागेल, असं तिनं सांगितलं. आबारावनं छिन्नी-हातोडा घेतला आणि रुळांपाशी बसकण मारली. सिमेंट निघालं त्या दिवशी भर दुपारी सगळे काठावर जमले होते. भीती मलाच जास्त होती. अंगात जोर राहिलाय कुठं? ऊन चढलं, रूळ करकरले आणि मी सरकलो. आबाराव तिथंच डोळे पुसत बसला.

आता माझ्यावरून फक्त माणसं नि मेंढरं जातात. दमलेल्या जिवाला तेवढं पुष्कळ झालं. मित्रांनो, इकडून जाताना माझी खडखड ऐकलीत तर घाबरू नका. ती थांबली, तर मात्र कुणालातरी धावत बोलावून आणा.